गावाचे वय आणि राजधानीचा शोध : भांदकच्या प्राचीनत्वाचा पुनर्विचार

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, म्हणजेच जुने भांदक, हे विदर्भाच्या प्राचीन इतिहासात वारंवार येणारे नाव आहे. बौद्ध लेणी, नागमंदिर, जैन तीर्थ, तलावातील दगडी पूल, शेतांतून व घरांच्या भिंतींतून आढळणारे घडीव दगड आणि राष्ट्रकूटांचा ताम्रपट इतकी विविध साधने एकाच गावाच्या परिघात मिळावीत, ही गोष्ट पूर्व विदर्भात दुर्मीळ आहे. साहजिकच गेल्या दीडशे वर्षांत या गावासंबंधी बरेच लिहिले गेले. मात्र हे लेखन बारकाईने पाहिले असता त्याच्या मुळाशी बहुधा एकच प्रश्न असल्याचे दिसून येते : भांदक ही कोणाची राजधानी होती? कोणी ती महाभारतकालीन युवनाश्वाची मानली, कोणी वाकाटकांची, तर कोणी चिनी प्रवासी ह्यु-एन-त्संग याने पाहिलेल्या कोसल देशाची.

प्रस्तुत लेखात या दाव्यांचा क्रमाने विचार करून असे प्रतिपादन करण्याचा प्रयत्न केला आहे, की राजधानीचा शोध हाच भांदकच्या इतिहासलेखनातील मुख्य अडथळा ठरला आहे. हे दावे एकामागून एक निर्बल ठरत गेले आणि प्रत्येक वेळी गावाचे महत्त्वही जणू कमी झाले. वस्तुतः या गावाचे मोठेपण कोणत्याही राजाच्या सिंहासनावर अवलंबून नाही. निरनिराळ्या धर्मांच्या व सत्तांच्या काळात मनुष्यवस्तीने येथे ठेवलेल्या खुणांत ते आहे. हा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नाही. कोणत्या गोष्टीला आपण इतिहास समजतो यावरच कोणती गोष्ट जपली जाईल हे ठरते, आणि कोळशाच्या पट्ट्यात वसलेल्या गावाच्या बाबतीत हा निर्णय फार काळ लांबणीवर टाकता येत नाही.

स्थलवर्णन

नागपूर-चंद्रपूर मार्गावर चंद्रपूरच्या वायव्येस सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर हे गाव आहे. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील स्थानकाने ‘भांदक’ हे नाव टिकवून ठेवले आहे, तर तालुक्याचे व नगराचे नाव भद्रावती असे रूढ झाले आहे. पश्चिमेस वर्धा नदी आणि पूर्वेस जंगलाचा प्रदेश यांच्या दरम्यानच्या या भूभागात वालुकाश्माच्या लहान-लहान टेकड्या आहेत. सह्याद्रीतील कातळासारख्या त्या उंच वा दुर्गम नाहीत. दुरून पाहणाऱ्यास तर त्या शेतजमिनीचाच किंचित उंचवटा वाटाव्यात. परंतु याच टेकड्यांनी येथील इतिहासाला आसरा दिला आहे.

गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर विजासनची टेकडी आहे. तिच्यातील लेण्याची रचना महाराष्ट्रातील इतर बौद्ध लेण्यांहून वेगळी आहे. दर्शनी भागातून एक लांब मार्ग सरळ टेकडीच्या पोटात जातो. त्याची लांबी सुमारे ७१ फूट असून शेवटी गर्भगृहात बुद्धाची भव्य आसनस्थ मूर्ती आहे. या मुख्य मार्गाला काटकोनात डावीकडे व उजवीकडे आणखी दोन मार्ग खोदलेले असून त्यांच्या टोकांनाही एकेक गर्भगृह व बुद्धमूर्ती आहे. म्हणजे आराखड्यात हे लेणे क्रूसाच्या आकाराचे दिसते. अजिंठ्यासारखे चित्रवैभव येथे नाही, की कार्ल्यासारखा चैत्यही नाही. आतल्या अंधारात सरळ चालत जावे आणि मार्गाच्या शेवटी मूर्ती समोर यावी एवढीच येथील योजना आहे, आणि तीच परिणामकारक आहे. दगड मऊ असल्यामुळे मूर्तींची झीज पुष्कळ झाली आहे.

गवराळ्याच्या टेकडीवर वरदविनायकाचे मंदिर आहे. गावात भद्रनागाचे मंदिर आहे. आजच्या वास्तूत निरनिराळ्या काळांतील जुने दगड व मूर्ती सामावल्या गेल्या आहेत. चंडिकेच्या मंदिराचे अवशेष आहेत. डोलारा तलावात एक बेट असून त्यावर जाण्यासाठी दगडी स्तंभांच्या दोन रांगा उभ्या करून त्यांवर जड तुळया टाकलेल्या आहेत. चुन्याच्या कमानीचा उपयोग न करता केवळ स्तंभ व तुळई यांच्या आधारे बांधलेला हा पूल मंदिरस्थापत्याचे तंत्र जलमार्गासाठी वापरल्याचे उत्तम उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ येथे नव्याने उभे राहिले, तेही भग्नावशेषांत सापडलेल्या प्राचीन मूर्तीभोवती. एका दिवसाच्या पायी फेरीत बौद्ध, नाग, शाक्त, गाणपत्य आणि जैन अशी पाच श्रद्धास्थाने पाहता यावीत, आणि त्यांपैकी बहुतेक आजही जागती असावीत, हे या गावाचे खरे वैशिष्ट्य आहे.

पहिला दावा : पुराणकथेतील भद्रावती

जैमिनीय अश्वमेधाच्या कथेत भद्रावती नगरीचा राजा युवनाश्व याच्याकडे यज्ञास योग्य असा श्यामकर्ण घोडा होता आणि भीमाने तो मिळवून आणला असा प्रसंग आहे. मराठी समाजात ही कथा घरोघर परिचित होती. भांदक हीच ती भद्रावती, अशी या भागातील परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या संशोधकांनाही लोकांनी ती सांगितली. युवनाश्व या नावाचे ‘जोबनासा’ असे लोकरूप येथील अवशेषांशी जोडले गेले होते.

ऐतिहासिक पुरावा म्हणून या परंपरेचा उपयोग नाही, हे उघड आहे. भद्रावती म्हणवून घेणारे हे एकमेव स्थळही नाही. तथापि, ही परंपरा सर्वस्वी टाकाऊही नाही. जमिनीत नांगर घातला की घडीव दगड लागतात, टेकडीच्या पोटात दालने आहेत, तलावात पूल आहे, आणि हे सर्व कोणी केले ते कोणालाच आठवत नाही, अशा स्थितीत लोकमानसाने उपलब्ध कथांपैकी सर्वांत भव्य कथा निवडली. म्हणजे स्मृती तुटल्यानंतरही अवशेषांच्या महत्त्वाची जाणीव शिल्लक होती, एवढे या परंपरेवरून निश्चित म्हणता येते.

दुसरा दावा : ह्यु-एन-त्संगची राजधानी

सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्यु-एन-त्संग याने कलिंगाहून वायव्येस सुमारे १,८०० ली प्रवास करून कोसल देश गाठला आणि तेथून दक्षिणेस सुमारे ९०० ली अंतरावरील आंध्र देशाकडे तो गेला, अशी त्याच्या प्रवासवृत्तात नोंद आहे. हा कोसल म्हणजे अयोध्येचा कोसल नव्हे, तर दक्षिण कोसल. येथील राजा बुद्धधर्माचा आदर करणारा क्षत्रिय होता, राजधानीचा परीघ सुमारे ४० ली होता, देशात सुमारे शंभर संघाराम होते आणि नागार्जुनाशी या देशाचा संबंध होता, असे तो सांगतो. राजधानीचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. सर्व वादाचे मूळ या अनुल्लेखात आहे.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन भूगोलावरील ग्रंथात चांद्याचा पक्ष पुढे मांडला. फर्ग्युसन यांनी वैरागडाकडे लक्ष वेधले. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि मोगलकाळात तेथील हिऱ्यांच्या खाणीची ख्याती होती. पुढे १८७३-७४ व १८७४-७५ या वर्षांत कनिंगहॅम यांनी मध्यप्रांताचा दौरा केला आणि भांदक, देवटेक, मार्कंडा आदी स्थळांचे वर्णन आपल्या अहवालात दिले. भांदकला बौद्ध लेणे प्रत्यक्ष उभे असल्यामुळे बौद्ध राजाच्या राजधानीचा शोध याच परिसरात घ्यावा, हा विचार त्या काळी स्वाभाविक होता.

या विचारपद्धतीतील उणीव आज सहज लक्षात येते. ‘ली’ या मापाचे निश्चित मूल्य ठरवणे कठीण, प्रवासाचा आरंभबिंदू असलेले कलिंगातील नगरही वादग्रस्त, आणि दिशा केवळ स्थूल. अशा मोजमापाने नकाशावर जे वर्तुळ निघते त्यात नागपूरपासून महानदीपर्यंतचा कोणताही प्राचीन अवशेष बसवता येतो. शेवटी प्रश्न सोडवला तो मोजमापाने नव्हे, तर उत्खननाने. महानदीच्या काठावरील सिरपूर, म्हणजेच प्राचीन श्रीपूर, येथे डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली १९५३ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात बौद्ध विहार उजेडात आले. त्याच नगरातून सातव्या शतकात पांडुवंशीय राजे राज्य करीत होते. आज बहुतेक अभ्यासक दक्षिण कोसलाची राजधानी म्हणून सिरपूरलाच मान्यता देतात. भांदकचा हा मान गेला, आणि तो जाणे योग्यच होते.

सूर्यघोषाची कथा आणि शिलालेखाचा प्रवास

राजधानीच्या वादापेक्षाही अधिक उद्बोधक प्रकरण एका शिलालेखाचे आहे. नागपूरच्या संग्रहालयातील हा संस्कृत लेख १९०५ मध्ये कीलहॉर्न यांनी संपादित केला. त्यातील आशय हृदयद्रावक आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा पुत्र राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या शोकातून राजाने बुद्धाचे मंदिर बांधले. कालांतराने ते जीर्ण झाले असता पांडववंशातील भवदेव रणकेसरी याने त्याचा जीर्णोद्धार केला. हा लेख ‘भांदकचा शिलालेख’ म्हणून अभ्यासकांत प्रसिद्ध झाला, आणि विजासनचे लेणे म्हणजेच पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या सूर्यघोषाचे स्मारक, ही समजूत स्थानिक लेखनात दृढ झाली. आजही भांदकची माहिती देणाऱ्या पुष्कळ लेखांत ती निःशंकपणे सांगितली जाते.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मात्र हा लेख मुळात भांदकचा नसून आरंगचा आहे असे प्रतिपादन केले. आरंग हे रायपूरजवळील, महानदीच्या खोऱ्यातील प्राचीन स्थळ आहे. लेखातील राजवंश पाहता हे मत सयुक्तिक ठरते. भवदेव हा ज्या पांडुवंशाचा, त्या वंशाचे बहुतेक लेख छत्तीसगडात मिळतात आणि त्याची सत्तास्थानेही त्याच भागात होती. संग्रहालयात ठेवलेला दगड तेथे कोणत्या गावाहून आला याची विश्वसनीय नोंद नसेल, तर मजकुरातील अंतर्गत पुराव्यालाच प्राधान्य द्यावे लागते.

येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. एका दगडाच्या मूळ स्थानाविषयीचा समज बदलताच एका लेण्याची जन्मकथा नाहीशी होते. परंतु लेणे जागेवरच राहते. त्याला कथा उरत नाही एवढेच. आणि ज्या लेण्याला कथा नाही त्याच्याकडे पाहण्याची सवय आपल्या स्थानिक इतिहासलेखनाला नाही. म्हणूनच खंडित झालेली कथाही पुन्हा पुन्हा छापली जाते. वास्तविक विजासनची अनोखी रचना, तीन गर्भगृहांची योजना, मूर्तीची आसनपद्धती, दगडाची जात आणि खोदकामाच्या खुणा हाच त्या लेण्याचा स्वतःचा लेख आहे. लेण्याची कालनिश्चिती सातवाहन काळापासून सातव्या शतकापर्यंत मागेपुढे केली जाते, याचे कारण या मूक लेखाचे वाचन अद्याप पुरेशा बारकाईने झालेले नाही.

तीन लेख, तीन प्रकारची साक्ष

सापडण्याचे ठिकाण आणि मजकुराचा विषय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व स्पष्ट होण्यासाठी या प्रदेशाशी संबंधित तीन लेख शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिला वर उल्लेखिलेला भवदेवाचा. त्याचे मूळ स्थानच अन्यत्र असल्याने भांदकविषयी तो काहीच सांगत नाही.

दुसरा राष्ट्रकूट नृपती कृष्ण पहिला याचा ताम्रपट. शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ मधील हा ताम्रपट भांदक येथे मिळाला आणि डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी तो संपादित केला. त्यातील दान मात्र भांदकच्या देवस्थानाला नाही. उदुंबरमंती येथील सूर्यमंदिराला ते दिलेले आहे आणि हे स्थळ यवतमाळ जिल्ह्यातील राणी अमरावती असल्याचे मानले जाते. ताम्रपट ही हातातून नेण्याजोगी वस्तू आहे. दानाचा अधिकार ज्याच्याकडे असेल तो स्थलांतर करताना तो सोबत नेतो, पिढ्यान्‌पिढ्या जपतो, प्रसंगी जमिनीत पुरून ठेवतो. तेव्हा या ताम्रपटावरून भांदक राष्ट्रकूटांचे केंद्र होते असे सिद्ध होत नाही. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भावर राष्ट्रकूटांची सत्ता होती, हे मात्र त्यावरून निर्विवाद ठरते. तसेच दानपत्र जपणारे कोणी तरी कधी तरी भांदकला आले, इतके अनुमान करण्यास हरकत नाही.

तिसरा लेख देवटेकचा. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याच्या उत्तर भागातील या लहानशा गावी एक मोठी शिळा होती. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एक अशोककालीन ब्राह्मीतील असून प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात आहे. दुसरा सुमारे सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक नृपती रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा उल्लेख करणारा आहे. दोन्ही लेखांत एकाच गावाचे नाव येते, ते म्हणजे चिकंबरी किंवा चिक्कंबुरी. मिराशी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे हे नाव देवटेकलगतच्या चिकमारा या गावाच्या रूपाने आजही जिवंत आहे.

या तिन्हींत सर्वांत मोलाची साक्ष कोणती? आशयाच्या दृष्टीने देवटेकचा लेख सर्वांत त्रोटक आहे. त्यात पुत्रशोकाची कथा नाही, वंशावळ नाही, दिग्विजय नाही. परंतु तो ज्या गावाविषयी बोलतो त्याच गावाच्या शिवारात तो उभा होता. मौर्य सत्ता गेली, सातवाहन आले आणि गेले, वाकाटक आले, त्यानंतर कित्येक राजवटी झाल्या, आणि तरीही चिक्कंबुरीचे चिकमारा एवढाच फरक झाला. सुमारे सव्वादोन हजार वर्षे एका खेड्याने आपले नाव सांभाळले. हे गाव कधीच कोणाची राजधानी नव्हते, आणि तसा दावाही कोणी केला नाही. तरी प्राचीनत्वाचा याहून भक्कम पुरावा चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रदेशात दुसरा दाखवता येणार नाही.

राजधानीविना महत्त्व

हाच निकष भांदकला लावला असता चित्र बदलते. भांदक ही वाकाटकांची राजधानी असल्याचा दावाही टिकत नाही. नंदिवर्धन, प्रवरपूर आणि वत्सगुल्म ही त्यांची ज्ञात राजधानीची स्थाने अनुक्रमे रामटेक परिसर, पवनार-मनसर यांविषयीचा वाद आणि वाशीम यांच्याशी निगडित आहेत. राजधानीची तिन्ही आभूषणे, पुराणातील, कोसलाची आणि वाकाटकांची, अशा रीतीने उतरवून ठेवली तरी जे उरते ते थोडे नाही. बौद्ध संघाला लेणे खोदण्याइतका आश्रय देणारी वस्ती येथे होती. नागपूजेची परंपरा येथे खोल रुजली. जैन मूर्ती घडवणारा किंवा आणणारा संपन्न वर्ग येथे होता. तलाव बांधून त्यात दगडी पूल उभारण्याचे सामर्थ्य व गरज येथे होती. यांतील प्रत्येक गोष्ट समूहाच्या दीर्घकालीन श्रमाची निदर्शक आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा हे याचे दुसरे उदाहरण होय. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या वळणावरील हा मंदिरसमूह शिल्पसमृद्धीमुळे विदर्भाचे खजुराहो म्हणून ओळखला जातो. तेथेही कोणती राजधानी होती असे कोणी म्हणत नाही, आणि त्यामुळे मंदिरांचे मोल कमी होत नाही. नदीचे वळण, यात्रा आणि शिल्पकारांची परंपरा यांतून स्थळ मोठे झाले.

गोंड राजवटीच्या काळात सत्तेचे केंद्र बल्लारपूर व नंतर चंद्रपूर येथे स्थिरावले. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि पुढे १८५४ मध्ये इंग्रजी अंमलाखाली चांदा जिल्हा निर्माण झाला. या साऱ्या काळात भांदक हे राजकीय दृष्ट्या दुय्यम गाव होते. परंतु श्रद्धेच्या दृष्टीने ते कधीच ओस पडले नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा घडवून आणला. त्यानंतर विजासनच्या लेण्याला नवा अर्थ प्राप्त झाला. अनेक शतके केवळ अवशेष म्हणून उभ्या असलेल्या बुद्धमूर्तीसमोर पुन्हा वंदना होऊ लागली. इतिहासकाराच्या दृष्टीने ही घटना सूर्यघोषाच्या कथेपेक्षा कमी महत्त्वाची नाही. ती तारखेनिशी सांगता येते, आणि तिचे साक्षीदार याच जिल्ह्यात राहत होते.

लोखंडाखालील थडगी, कोळशावरील गाव

प्राचीन गावाचे पुढे काय होते, याविषयी भारताबाहेरील एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, बाराट्टीच्या आखातावरील टेकडीवर पोपुलोनिया नावाचे लहानसे गाव आहे. रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी ते वसवले. समोरच्या एल्बा बेटावरील लोहखनिज येथे आणून वितळवले जात असे आणि त्यावर हे नगर संपन्न झाले. इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास भूगोलकार स्ट्रॅबो तेथे गेला, तेव्हा टेकडीवर मंदिरे व मोजकीच घरे उरली होती. पाचव्या शतकात तेथून जलमार्गाने गेलेल्या रुटिलियस या रोमन कवीनेही ते उजाड असल्याचे नोंदवले आहे. आज मध्ययुगीन किल्ल्याच्या आश्रयाने तेथे थोडीशी वस्ती आहे आणि देशोदेशीचे प्रवासी ती पाहण्यास जातात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. एट्रुस्कन भट्ट्यांतून निघालेल्या लोखंडाच्या मळीचे प्रचंड ढीग किनाऱ्यावर साचले आणि त्यांखाली जुनी थडगी गाडली गेली. विसाव्या शतकात त्या मळीत शिल्लक असलेल्या लोखंडासाठी हे ढीग उपसण्यात आले. उपसताना थडगी उघडी पडली, काहींची हानी झाली, पण नगराचा इतिहास जगासमोर आला तोही त्यामुळेच. ज्या उद्योगाने अवशेष झाकले, त्याच उद्योगाच्या अवशेषांचा लोभ त्यांना उघडे करण्यास कारणीभूत ठरला.

भांदकची परिस्थिती काही अंशी अशीच आहे. १८७० च्या दशकात कनिंगहॅम येथील लेण्यांची मापे घेत होते, त्याच दशकात शेजारच्या वरोऱ्यास सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती आणि लोहमार्ग तेथवर आला होता. म्हणजे या भूमीच्या पोटातील कोळसा आणि तिच्या पृष्ठावरील प्राचीन अवशेष यांचा शोध एकाच राजवटीने, जवळजवळ एकाच वेळी घेतला. आज भद्रावतीच्या आसमंतात खुल्या कोळसा खाणी आहेत, आयुधनिर्माणी आहे, नव्या वसाहती आहेत. त्यांवर हजारो कुटुंबांची उपजीविका चालते, हे विसरून चालणार नाही. परंतु खुल्या खाणीचे काम जमिनीचा वरचा थर दूर सारण्यापासून सुरू होते, आणि प्राचीन वस्तीचा पुरावा नेमका त्याच थरात असतो. पोपुलोनियात मळीचे ढीग थडग्यांवर होते, म्हणून ते उपसल्यावर थडगी दिसली. येथे कोळसा वस्तीच्या थराखाली आहे. तो काढताना वस्तीचा थर आधी जातो, आणि गेल्यानंतर काहीच दिसण्याचा संभव राहत नाही.

विजासनसारख्या संरक्षित स्मारकांना कायद्याचे कवच आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन अशी तरतूद आहे. परंतु हा कायदा स्मारकाभोवती वर्तुळ आखतो. स्मारक आणि स्मारक यांच्या मधला प्रदेश, ज्यात लेणे खोदणाऱ्यांची घरे, भिक्षेची गावे, दगडाच्या खाणी, तलावांचे बांध व जुन्या वाटा होत्या, तो या वर्तुळांबाहेर राहतो. राजधानीच्या शोधाचा हाच प्रत्यक्ष दुष्परिणाम होय. आपण भव्य वस्तू मोजत राहिलो आणि त्या वस्तूंना एकत्र बांधणारे शिवार कधी इतिहासाच्या व्याख्येत घेतलेच नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. भांदक ही महाभारतकालीन, कोसलाची किंवा वाकाटकांची राजधानी असल्याचे मत उपलब्ध पुराव्यावर टिकत नाही. सूर्यघोषाच्या कथेचा विजासनच्या लेण्याशी जोडलेला संबंध सोडून द्यावयास हवा. भांदकचा ताम्रपट हा विदर्भातील राष्ट्रकूट सत्तेचा पुरावा आहे, भांदकच्या वैभवाचा नव्हे. आणि इतके सर्व वजा केल्यानंतरही बौद्ध लेण्यापासून आजच्या वंदनेपर्यंत पसरलेला मनुष्यवस्तीचा व श्रद्धेचा जो पट उरतो, तो पूर्व विदर्भाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन आहे.

या पटाच्या अभ्यासासाठी मोठ्या उत्खननाची वाट पाहण्याचे कारण नाही. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांना एकत्र येऊन तीन कामे सहज हाती घेता येतील : प्रत्येक गावाच्या शिवारातील शेतांची, पाणवठ्यांची व पांदण रस्त्यांची नावे लिहून काढणे, घरांच्या व मंदिरांच्या बांधकामात वापरलेल्या जुन्या दगडांची जागेवरच छायाचित्रांसह नोंद करणे, आणि तलाव व त्यांचे बांध नकाशावर दाखवणे. चिकमारा या एका नावाने जे सांगितले ते कोणत्याही ताम्रपटाने सांगितलेले नाही. अशी आणखी किती नावे बोलीत शिल्लक आहेत, याचा हिशेब आज मांडला तरच तो मांडता येईल. शिवार खणले गेले, गाव दुसरीकडे वसवले गेले, की नव्या वसाहतीला क्रमांक मिळतो आणि शेताचे नाव ते शेत कसणाऱ्याबरोबर संपते.

विजासनच्या मार्गात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणत्या राजाने खोदले याचे उत्तर देता आले नाही, तर त्यात शिक्षकाला संकोच वाटण्याचे कारण नाही. हे खोदणारे हात कोणत्या गावचे होते, ते पाणी कोणत्या तलावाचे पीत होते आणि त्यांची वाट कोणत्या शेतातून जात होती, हे प्रश्न त्याला विचारण्यास शिकवता आले, तर भांदकच्या इतिहासाची योग्य सुरुवात झाली असे म्हणता येईल.